घड्याळाची बॅटरी नक्की कोण खातं? सिंक, ब्लूटूथ आणि थोडा हिशोब

पळणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "घड्याळाची बॅटरी दोन दिवसांत उतरतेय, काय करू?" त्यावर पाच मिनिटांत ठाम उत्तर येतं, "ब्लूटूथ बंद ठेव. पळून आल्यावर चालू कर, सिंक कर, परत बंद कर." सल्ला ऐकताक्षणी पटतो. घड्याळ दिवसभर फोनशी बोलत बसलं तर बॅटरी जाणारच, असं कोणालाही वाटेल. पण कागद-पेन घेऊन आकडे मांडले, तर सिंक, म्हणजे घड्याळातल्या नोंदी फोनवर चढवणं, हा या सगळ्यातला सर्वांत किरकोळ खर्च निघतो. इतकंच काय, ब्लूटूथ बंद ठेवल्यामुळे काही वेळा बॅटरी उलट जास्त जाते.

आधी साठा केवढा ते बघू. आजच्या फोनमध्ये साधारण ५००० एमएएचची बॅटरी असते. बऱ्याच स्मार्टवॉचमध्ये २०० ते ३०० एमएएचची बसते आणि बारीक फिटनेस बँडमध्ये त्याहूनही कमी. १ एमएएच म्हणजे एक मिलिअँपिअर करंट तासभर पुरेल एवढा साठा. म्हणजे २५० एमएएचच्या घड्याळाने सतत १० मिलिअँपिअर ओढले, तर ते २५ तासांत बंद पडणार. पुढच्या सगळ्या हिशोबाला हेच २५० एमएएचचं घड्याळ धरू. आकडे ढोबळ आहेत, घड्याळागणिक बदलतील, पण कोणता खर्च पैशांत आहे आणि कोणता रुपयांत, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता एक तासाची धाव घ्या. घड्याळ दर सेकंदाला एक नोंद करतं: वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, हृदयाचे ठोके, वेग, पावलांची गती. गार्मिन कंपनीची घड्याळं ज्या 'फिट' प्रकारच्या फाइलमध्ये हे साठवतात, ती मुळातच काटकसरीने बांधलेली आहे. एका सेकंदाची नोंद पंचवीस-तीस बाइट्समध्ये मावते. तासाच्या ३६०० नोंदी झाल्या, म्हणजे पूर्ण फाइल जेमतेम १०० किलोबाइटची. ब्लूटूथवरून सेकंदाला १० किलोबाइट जरी गेले, तरी काम दहा सेकंदांत आटोपतं. वेअरेबलमध्ये बऱ्यापैकी वापरल्या गेलेल्या नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२८३२ या चिपचा रेडिओ पाठवताना ५.३ मिलिअँपिअर घेतो. आपण सढळ हाताने ६ धरू. दहा सेकंद गुणिले ६ मिलिअँपिअर, भागिले ३६००: उत्तर ०.०१७ एमएएच. २५० मधले ०.०१७.

म्हणजे दीडशे धावा सिंक केल्या, तर रेडिओने एक टक्का बॅटरी खाल्ली. तुम्ही म्हणाल, सिंक करताना प्रोसेसर जागा होतो, मेमरी वाचली जाते, त्याचं काय? बरोबर आहे. खर्च पाचपट करून टाका. तरी तीस धावांना एक टक्का.

फिटबिटच्या ॲपमध्ये अनेक वर्षं 'ऑल-डे सिंक' नावाचं एक बटण होतं आणि बॅटरी वाचवायची तर ते बंद करा, असं लोक एकमेकांना सांगायचे. दर पंधरा मिनिटांनी सिंक धरलं तर दिवसाला ९६ वेळा. प्रत्येक वेळी रेडिओ तीन सेकंद जागा राहिला, तर दिवसाचा खर्च अर्ध्या एमएएचच्या आसपास. छोट्या बँडची बॅटरी ८० एमएएचची धरली, तरी टक्कासुद्धा होत नाही. ते बटण बंद करून झालाच तर फोनला थोडा आराम होत असेल.

मग बॅटरी जाते कुठे?

रेडिओचा खर्च पाठवलेल्या मालावर ठरत नाही, तो जागं राहण्याच्या वेळेवर ठरतो. वर सांगितलेल्या चिपचाच दुसरा आकडा बघा: नुसतं ऐकताना ती ५.४ मिलिअँपिअर घेते, म्हणजे पाठवण्यापेक्षा कणभर जास्तच! रिक्षा उभी असली तरी वेटिंगचा मीटर पडत राहतो, तसं हे आहे. कोणी काही बोलत नसलं, तरी कान उघडा ठेवला की पैसे लागतात.

हे ओळखूनच घड्याळांतलं ब्लूटूथ बांधलेलं आहे. ते आपल्या जुन्या हँडसेटमधलं ब्लूटूथ नव्हे. २००६ मध्ये नोकियाने 'वायब्री' नावाने एक कमी खर्चाचं तंत्र जाहीर केलं, तेच पुढे २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० मध्ये 'लो एनर्जी' म्हणून आलं. त्याची सगळी हुशारी झोपण्यात आहे. फोन आणि घड्याळ आपसांत ठरवतात की दर अमुक मिलिसेकंदांनी भेटायचं. दोघं नेमक्या त्या क्षणी जागे होतात, काही निरोप असेल तर देतात, नसेल तर 'आहे मी' एवढं सांगून परत झोपतात. या अंतराला कनेक्शन इंटरव्हल म्हणतात. ते साधारण साडेसात मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत ठेवता येतं. शिवाय, सांगण्यासारखं काही नसेल तर काही भेटी बुडवायची मुभाही घड्याळाला असते.

एका भेटीसाठी रेडिओ तीन मिलिसेकंद जागा राहतो आणि त्या वेळात सरासरी ५ मिलिअँपिअर घेतो असं धरा. भेट सेकंदाला एकदा असेल तर दिवसभराचा खर्च ०.३६ एमएएच. दिवसभर फोनशी जोडलेलं राहूनही बॅटरीच्या एका टक्क्याचा फक्त सातवा भाग! पण तेच अंतर ३० मिलिसेकंद ठेवलं, की सेकंदाला तेहतीस भेटी होतात आणि दिवसाचे १२ एमएएच जातात. म्हणजे जवळजवळ पाच टक्के, आणि तेही एकही बाइट न पाठवता.

सिंक चालू असताना अंतर कमी करायचं, म्हणजे फाइल भराभर जाते, आणि काम झालं की परत वाढवायचं, अशी रीत आहे. सॉफ्टवेअर ढिसाळ लिहिलेलं असेल तर अंतर परत वाढवायची पायरी राहून जाते आणि घड्याळ रात्रभर विनाकारण उठत-बसत राहतं. सारख्याच बॅटरीची दोन घड्याळं, एक चार दिवस चालतं आणि दुसरं आठ, त्यामागे अशी न दिसणारी कारणं असतात. यातलं काहीच खोक्यावर छापलेलं नसतं. तिथे फक्त 'सात दिवसांपर्यंत' असतं आणि त्याच्या डोक्यावर एक फुली.

दुसरा मोठा खर्च तुटण्या-जुळण्याचा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाण्यात लवकर मुरतात. माणसाचं शरीर बरंचसं पाणीच आहे. डाव्या मनगटावर घड्याळ आणि उजव्या मागच्या खिशात फोन असेल, तर दोघांमध्ये अख्खी कंबर आडवी येते. निरोप हुकतो, पुन्हा पाठवावा लागतो. बराच वेळ भेट झाली नाही की घड्याळ संपर्क तुटला असं मानतं आणि ओरडायला लागतं: ठरलेल्या तीन चॅनेलवर आळीपाळीने 'मी इथे आहे, मी इथे आहे'. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू. फोन सापडला की पुन्हा ओळखपाळख, पुन्हा कुलूप-किल्ली, मधल्या काळात साठलेली नोटिफिकेशन्स एकदम. एखाद्या वेळी झालं तर काहीच नाही. दिवसात पन्नासदा झालं तर मात्र घड्याळ संध्याकाळपर्यंत थकतं.

यात बहुतेकदा दोष घड्याळाचा नसून फोनचा असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स परस्पर बंद केली जातात आणि त्या कात्रीत घड्याळाचं ॲपही सापडतं. सिंक अर्ध्यावर तुटतं, ॲप पुन्हा उठतं, फाइल पुन्हा पहिल्यापासून. फोन स्वतःची बॅटरी वाचवतो आणि बिल घड्याळाच्या नावावर फाडतो. उपाय सोपा आहे: फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीच्या खाली 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडायचं. ब्लूटूथ बंद-चालू करण्याच्या शंभर खटपटींपेक्षा या एका बदलाने जास्त फरक पडतो.

तिसरा खर्च म्हणजे नोटिफिकेशन्स, आणि इथे लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. मेसेज घड्याळावर येतो तो ब्लूटूथवरून, म्हणून दोष ब्लूटूथला. वास्तविक मेसेज म्हणजे काहीशे बाइट्स, रेडिओला त्याचं काहीच नाही. पण मेसेज आला की मनगटावर थरथर करणारी मोटर फिरते. ती अर्धा सेकंद फिरली तरी त्या वेळात ८० मिलिअँपिअरच्या घरात ओढते. मग स्क्रीन उजळते, पाच-सहा सेकंद, पंचवीस-तीस मिलिअँपिअर. बेरीज केली तर एका नोटिफिकेशनचे साधारण ०.०५५ एमएएच होतात. मघाचा आकडा आठवा, तासाभराच्या धावेच्या सिंकला रेडिओने ०.०१७ घेतले होते. म्हणजे एक 'शुभ सकाळ' तीन धावांच्या सिंकएवढी पडते.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना हे फार छान कळतं. श्वास लागलेला, पोटऱ्या भरून आलेल्या, ठोके किती झालेत ते बघायला मनगट वर करावं, तर तिथे सोसायटीचा मेसेज: आज पाणी दहापर्यंतच. पाठोपाठ त्याच्यावर सहा जणांचे अंगठे, प्रत्येक अंगठ्याला एक थरथर. दिवसाला अशी दोनशे नोटिफिकेशन्स येत असतील, तर ११ एमएएच, म्हणजे चार टक्क्यांच्या वर, नुसती यातच जातात. फोन आणि बँकेचे मेसेज तेवढे घड्याळावर येऊ द्यावेत आणि ग्रुप फोनवरच ठेवावेत, असं माझं मत आहे. बॅटरीसाठी नाही पटलं तर डोकं शांत राहण्यासाठी.

आता गाणी. इथे मात्र ब्लूटूथ खरोखरच दोषी आहे, आणि पुरावा कंपनीनेच छापलेला आहे. गार्मिनचं फोररनर २४५ म्युझिक हे २०१९ मधलं घड्याळ घ्या. कंपनीचे आकडे असे: रोजच्या साध्या वापरात ७ दिवस, जीपीएस लावून २४ तास, जीपीएससोबत घड्याळातूनच इयरफोनवर गाणी ऐकली तर ६ तास. जीपीएसने तासाला चार टक्के जातात, गाणी जोडली की सतरा. म्हणजे गाण्यांचे तासाला साडेबारा टक्के. पूर्ण दिवसाच्या साध्या वापराला, ज्यात फोनशी जोडणी, ठोके, पावलं, झोप सगळं आलं, चौदा टक्के लागतात. तासभर गाणी ऐकणं जवळपास एका दिवसाला पडलं. सिंक आणि गाणी दोन्ही 'ब्लूटूथ'च, पण गाण्यात रेडिओला झोपायला फुरसत नसते. शिवाय साठवलेलं गाणं उलगडून पुन्हा इयरफोनला कळेल असं बांधण्याचं काम प्रोसेसरला सतत करावं लागतं.

मनगटावरून फोनवर बोलण्याची सोय असलेली स्वस्तातली घड्याळं आपल्याकडे ढिगाने विकली जातात. त्यांतही हेच होतं. असं घड्याळ जोडल्यावर फोनमधली ब्लूटूथची यादी उघडून बघा, बऱ्याचदा तिथे एकाच घड्याळाच्या दोन नोंदी सापडतील. एक ॲपसाठी, ती लो एनर्जीवाली. दुसरी बोलण्यासाठी, ती जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथची, कारण आवाज तिच्यावरून जातो. मनगटाशी बोलायची तुम्हाला सवय नसेल, तर ही दुसरी नोंद खुशाल काढून टाका. पावलं, झोप, ठोके यांचं सिंक पहिल्या नोंदीवर सुखाने चालू राहतं.

वायफाय आणि घड्याळातलं सिम यांचा प्रकार वेगळा. ब्लूटूथ लो एनर्जीचा रेडिओ साधारण एक मिलिवॅट शक्तीने पाठवतो. मोबाइल नेटवर्कवर बोलणारा एलटीई रेडिओ गरज पडली तर २०० मिलिवॅटपर्यंत जातो. टॉवर जितका लांब तितकं जास्त ओरडावं लागतं, त्यामुळे सह्याद्रीत एखाद्या गडावर रेंज येते-जाते अशा ठिकाणी सिमवालं घड्याळ झपाट्याने रिकामं होतं. ट्रेकला निघताना घड्याळाचं सेल्युलर बंद करावं. वायफाय मधलं आहे. सेकंदाला बराच करंट घेतं, पण मोठी फाइल चटकन उरकतं, म्हणून गाणी भरायला किंवा सॉफ्टवेअर अपडेटला तेच बरं, तेही चार्जरवर ठेवून.

आणि इथेच तो 'ब्लूटूथ बंद ठेव'वाला सल्ला चांगलाच अंगाशी येतो. ॲपल वॉच फोन जवळ असताना ब्लूटूथने बोलतं. ते मिळालं नाही तर वायफाय शोधतं, आणि सिम असेल तर त्यानंतर मोबाइल नेटवर्क. तुम्ही बचत म्हणून आयफोनचं ब्लूटूथ बंद केलं, की घड्याळ बिचारं महागड्या रस्त्याने जातं. ॲपलच्या स्वतःच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे की, आयफोनचं ब्लूटूथ बंद केल्यास घड्याळाची बॅटरी जास्त जाते.

सिंक टाळण्याचा दुसरा तोटा जीपीएसमध्ये दिसतो. आपण कुठे आहोत हे काढायला घड्याळाला आधी उपग्रह नेमके कुठे आहेत हे माहीत असावं लागतं. ती माहिती उपग्रह स्वतः पाठवतात, पण सेकंदाला फक्त ५० बिट्स एवढ्या गोगलगाईच्या वेगाने. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवली जाते आणि ती चारेक तासांत शिळी होते. मधेच उंच इमारत किंवा कडा आडवा आला, की ती तुटते आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. या सगळ्या वेळात जीपीएसचा रेडिओ पूर्ण जागा असतो.

हे टाळायला घड्याळ सिंक करताना फोनकडून एक छोटी फाइल घेतं. पुढचे काही दिवस कोणता उपग्रह केव्हा कुठे असेल, याचं आगाऊ वेळापत्रकच त्यात असतं. ते ताजं असेल तर काही सेकंदांत जागा सापडते. दहा दिवस ब्लूटूथ बंद ठेवलेलं घड्याळ स्टार्ट लाइनवर 'सिग्नल शोधत आहे' करत उभं राहतं आणि मालक हात आभाळाकडे धरून. जीपीएसचे २४ तास धरले तर एक मिनिट म्हणजे ०.०७ टक्के. एवढ्यात रेडिओच्या हिशोबाने दहा धावा सिंक झाल्या असत्या, आणि आपला पाचपटीचा सढळ हिशोब लावला तरी दोन.

मग खरोखर बॅटरी वाचवायची असेल तेव्हा काय करायचं? दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत घ्या, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांच्या दरम्यान, साधारण ९० किलोमीटर, वेळेची मर्यादा १२ तास. आपल्याकडून बरेच जण तिथे जातात आणि जुन्या घड्याळाची बॅटरी शेवटच्या चढाआधी मरेल, ही धास्ती खरीच असते. अशा शर्यतीच्या आदल्या रात्री सिंक करून घ्यावं, म्हणजे उपग्रहांचं वेळापत्रक ताजं राहतं. मग शर्यतीपुरती नोटिफिकेशन्स बंद, गाणी घड्याळाऐवजी फोनवरून किंवा अजिबात नाहीत, स्क्रीन कायम पेटलेली ठेवायचा पर्याय बंद, आणि जीपीएसची सर्वांत अचूक पद्धत सोडून साधी पद्धत. मल्टी-बँड नावाचा प्रकार एका उपग्रहाचे दोन दोन सिग्नल ऐकतो. उंच इमारतींमध्ये त्याचा उपयोग आहे, उघड्या डोंगराळ रस्त्यावर फारसा नाही. एवढं केल्यावर ब्लूटूथही बंद करायचं असेल तर करा. त्या दिवशी फोन बरोबर नसेल, तर घड्याळ उगाच हाका मारत बसणार नाही, एवढा फायदा आहे.

सिंक लांबलं म्हणून नोंदी पुसल्या जात नाहीत. पोहताना तर सिंक होतच नाही, पाण्यात ब्लूटूथ काही सेंटिमीटरच्या पलीकडे पोचत नाही. घड्याळ निमूट नोंदी ठेवतं आणि बाहेर आल्यावर देतं. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला आणि कंपनीची सेवा काही दिवस ठप्प होती. घड्याळ ते फोन हा रस्ता ठीक होता, फोन ते सर्व्हर हा पुढचा रस्ता बंद पडला होता. लोक ॲप पुन्हा पुन्हा खाली ओढून सिंकची वाट बघत बसले. ज्यांना माहीत होतं त्यांनी घड्याळ केबलने कॉम्प्युटरला लावलं, फिट फाइल काढली आणि स्वतःच स्ट्राव्हा या धावांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर चढवली. बाकीच्यांच्या धावाही घड्याळात तशाच होत्या, सेवा सुरू झाल्यावर चढल्या.

साठवण्याची मर्यादा मात्र प्रत्येक घड्याळाची वेगळी असते. फिटबिट मिनिटामिनिटाचा तपशील ७ दिवस ठेवतं आणि दिवसाची बेरीज ३० दिवस. गावी आठ-दहा दिवस जाताना फोनमधलं ॲप नेटशिवाय चालेल का, हे बघण्याआधी आपल्या घड्याळाचा हा आकडा बघून ठेवा.